भिंतीवर काय काढायचं?

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

दुपारची जेवणं उरकली असतील. कुणी धान्य निवडायला घेतलं असेल, कुणी गोधडीला टाके घालत रेडिओ लावला असेल. हात चालू ठेवा. मधूनमधून मी तुम्हाला त्या हातातल्या कामाकडेच बघायला सांगणार आहे.

आजचा विषय चित्राचा. चित्रात डोळ्याला दिसतं तेवढंच काढावं, की त्यातून काही गोष्ट सांगावी, विचार द्यावा? तुम्ही म्हणाल, हा शहरातल्या चित्रकारांचा वाद, आपल्याला काय करायचंय त्याचं? मी चित्रकला शिकवण्यात आयुष्य घालवलं, तरी मलाही तसंच वाटायचं. पण गेल्या उन्हाळ्यात हाच वाद आमच्या बचत गटाच्या बैठकीत झाला आणि चांगला दोन आठवडे चालला.

झालं असं, की आमच्या अंगणवाडीच्या भिंतीला बाहेरून नवा गिलावा झाला. भिंत रस्त्याच्या कडेची, चांगली वीस फूट लांब. ग्रामपंचायतीनं गटाला विचारलं, रंग आम्ही देतो, भिंत तुम्ही रंगवता का? बायका खूश. आता त्या वर्षी आमच्या गावात एका मुलीचं लग्न झालं होतं, नववीतून शाळा सोडवून. कायद्यानं मुलीचं वय अठरा पूर्ण लागतं, हे ठाऊक नसलेलं माणूस गावात नव्हतं. तरी अक्षता टाकायला सगळे गेले होते. मीही गेले होते. ते सगळ्यांच्याच मनात सलत होतं. म्हणून भिंतीचा विषय निघाल्याबरोबर आमच्या अध्यक्ष ताई म्हणाल्या, "बालविवाहावर काढू. एका बाजूला रडणारी नवरी, पायात बेडी. दुसऱ्या बाजूला दप्तर घेतलेली हसरी पोरगी. आणि मधे मोठ्या अक्षरात काय ते लिहू."

आमच्यातल्या एक आक्का आहेत, सत्तरीच्या. त्या म्हणाल्या, "नको गं बाई. येताजाता रडणारी पोर बघायची? आपल्या वरच्या मळ्यातनं सांजचं आभाळ कसं दिसतं, तसं काढा. लेकरांना बरं वाटंल."

त्यावर एक वहिनी म्हणाल्या, "आभाळ कशाला काढायचं? मान वर केली की दिसतंयच की फुकटात!"

सगळ्या हसल्या. हसू थांबल्यावर एक नवी सून हळूच म्हणाली, "त्या मुलीचं माहेर भिंतीच्या बरोबर समोर आहे. तिची आई दार उघडलं की रोज हेच बघणार."

मग कुणीच बोलेना. उठताना अध्यक्ष ताई मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही चित्रकलेच्या. आता तुम्हीच सांगा." मी काय सांगणार? घरी आले आणि जुनी पुस्तकं काढून बसले. तेव्हा जे डोक्यात घोळलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

तुमच्यापैकी अनेकींची मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षांना बसली असतील. त्यात एक पेपर असतो वस्तुचित्राचा. टेबलावर तांब्या, वांगं, एखादं कापड मांडून ठेवतात आणि मुलांनी जसं दिसतं तसं काढायचं. उजेड कुठून येतो, सावली कुठं पडते, तांब्याच्या पोटावर चकाकी कुठं आहे, एवढंच. त्या वांग्याची भाजी कोण करणार हे कुणी विचारत नाही. दुसरा पेपर स्मरणचित्राचा. त्यात विषय देतात, म्हणजे बाजार, पाणवठा, लग्नाची वरात असं काही. तिथं माणसं आली, प्रसंग आला, गोष्ट आली. मी इतकी वर्षं हे दोन्ही पेपर शिकवले, पण हे दोन वेगळे रस्ते आहेत हे मला कधी जाणवलं नाही. मुलांना मात्र जाणवायचं. काही मुलं वस्तुचित्रात रमायची आणि स्मरणचित्र आलं की पेन्सिल चावत बसायची. काहींचं बरोबर उलटं. तांब्या वाकडा यायचा, पण बाजारातली भांडणारी बाई अशी काढायची की आवाज ऐकू यावा.

गोष्टीच्या रस्त्यानं गेलेला आपल्या ओळखीचा मोठा चित्रकार म्हणजे राजा रविवर्मा. जन्म १८४८चा, केरळातल्या किळिमानूरचा. तुमच्या आजीच्या देवघरात काचेच्या चौकटीत लक्ष्मी असेल, कमळावर उभी, चार हातांची, काठपदराची साडी नेसलेली, तर ती बहुतेक त्यांच्याच चित्रावरून आलेली. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. यंत्रं आणि कारागीर जर्मनीचे. चित्र दगडावर उतरवायचं, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकावर एक रंग छापत जायचं. असं छापलेलं चित्र साध्या माणसालाही परवडायचं. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत कुणी जाऊ देत नव्हतं, त्यांच्याही घरात देवी आली. ही काही लहान गोष्ट नाही.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या शकुंतलेच्या चित्राबद्दल. शकुंतला सख्यांबरोबर रानातून निघाली आहे. ती थांबली आहे, सखीच्या खांद्यावर हात ठेवून एक पाय वर घेतला आहे, जणू पायात काटा रुतलाय. पण नजर पायाकडे नाही, मागे वळलेली आहे. काटा नाहीच! काट्याचं निमित्त करून ती मागे राहिलेल्या दुष्यंताला बघते आहे. आता कालिदासाची ही गोष्ट जिला ठाऊक आहे तिला हे चित्र बघताना गालात हसू येईल. असलं निमित्त कधी ना कधी आपणही काढलेलं असतं, विहिरीवर नाहीतर जत्रेत. पण जिला गोष्ट माहीत नाही तिला काय दिसेल? पायाला काहीतरी झालेली एक बाई. दुष्यंत तर चित्रात कुठं नाहीच. म्हणजे अर्धं चित्र कापडावर आहे आणि अर्धं बघणारीच्या डोक्यात आधीच असावं लागतं.

हाच प्रकार आपल्या कोकणात फार स्पष्ट दिसतो. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर समाजातले कलावंत चित्रकथी करतात. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रं असतात, एका कथेच्या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. कलावंत एकेक चित्र पुढे धरतो आणि वीणा, हुडूक, टाळ यांच्या साथीनं गात गात कथा सांगतो. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. ही चित्रं तुम्ही संग्रहालयात काचेआड बघितली तर छान दिसतात, रंग ठसठशीत, डोळे मोठे. पण ती गप्प असतात. त्यांचा आवाज गाणाऱ्याच्या गळ्यात असतो. त्यात कमीपणा काही नाही, ती तशीच घडवलेली आहेत. आपली भिंत मात्र एकटी उभी राहणार. तिच्याशेजारी गाणारा कोण बसणार?

आता दुसरा रस्ता. एक चित्र तुम्ही नक्की पाहिलंय, कॅलेंडरवर म्हणा, दुकानात म्हणा. काळोखात एक तरुण बाई उभी आहे. एका हातात दिवा, आणि दुसरा हात दिव्याच्या आड धरलेला, वाऱ्यानं विझू नये म्हणून आपण धरतो तसा. उजेड तिच्या चेहऱ्यावर पडलाय आणि बोटांच्या फटीतून लालसर केशरी दिसतोय. हे चित्रही रविवर्मांचंच असं पुष्कळ लोक ठासून सांगतात. तसं नाही. रविवर्मा १९०६ मध्येच वारले. हे चित्र १९४५-४६चं, सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी काढलेलं. हळदणकर आपल्या सावंतवाडीचे, जन्म १८८२चा. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकले आणि पुढे स्वतःची कलासंस्था काढून त्यांनी पुष्कळ विद्यार्थी घडवले. या चित्रासाठी दिवा घेऊन उभी राहिली ती त्यांची स्वतःची लेक, गीता. या गीताबाई उपळेकर पुढे कोल्हापूरला होत्या. २०१८ मध्ये वारल्या तेव्हा वयाची शंभरी ओलांडलेली होती. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे.

या चित्रात गोष्ट काय? काही नाही. ती बाई कोण, कुठं निघाली, घरात कोण आजारी आहे, कुणाची वाट बघते, यातलं काहीही चित्र सांगत नाही. ते एवढंच सांगतं की काळोखात एका दिव्याचा उजेड हातावर आणि तोंडावर पडला तर असा दिसतो.

आणि हे चित्र जलरंगात आहे. जलरंगाचं काम कसं असतं ते सांगते, म्हणजे त्यांनी काय केलंय ते कळेल. तेलरंगात चूक झाली तर वर रंग देऊन झाकता येते. शेवटी पांढरा ठिपका देऊन दिवा पेटवताही येतो. जुन्या पद्धतीच्या जलरंगात तसं चालत नाही. त्यात उजेड म्हणजे कागदाचा स्वतःचा पांढरेपणा. तो पहिल्यापासून राखून ठेवावा लागतो. सगळीकडे अंधाराचे पातळ थर देत जायचं, एकावर एक, आणि जिथं दिवा आहे तिथं जवळजवळ हातच लावायचा नाही. एकदा काळा ओघळ तिथं गेला की गेलं. म्हणजे चित्रातला दिवा रंगवलेला नाही, तो वाचवलेला आहे. आपण कणिक मळताना पाणी बेतानं घालतो ना, जास्त झालं की परत काढता येत नाही, तसं.

बोटांचंही बघा. आज रात्री लाइट गेली की दिव्यापुढे हात धरून बघा. बोटांच्या कडा आतून पेटल्यासारख्या लाल दिसतात, कारण उजेड कातडीतून आणि रक्तातून पार येतो. जन्मभर आपण हे करत आलो, पण निरखून किती जणींनी बघितलंय? हळदणकरांनी बघितलं. चित्रकाराचं पहिलं काम हेच आहे असं मला वाटतं. बाकीचं नंतर.

गंमत पुढे आहे. या चित्राचं नाव पडलं 'ग्लो ऑफ होप', म्हणजे आशेचा उजेड. झालं, नाव आलं आणि पाठोपाठ विचार आला. आता लोक त्या चित्रापुढे उभं राहून आशा बघतात. कुणाला घरची लक्ष्मी दिसते, कुणाला एकटी पडलेली बाई. माझ्या एका मैत्रिणीला त्यात तिची आई दिसते, गोठ्यात रात्री गाय व्यायला झाली की कंदील घेऊन उभी राहणारी. यातलं काहीही हळदणकरांनी काढलेलं नाही. त्यांनी उजेड काढला, आणि तो इतका खरा निघाला की ज्यानं त्यानं आपली गोष्ट आणून त्यात ठेवली.

म्हणजे आक्कांचं आभाळ बरोबर आणि अध्यक्ष ताईंची नवरी चूक, असं झालं का? मला तसं म्हणायचं नाही. थोडं थांबा.

नुसत्या दिसण्याच्या रस्त्यानं पार टोकाला गेलेला चित्रकारही आपल्याकडचाच आहे. वासुदेव गायतोंडे. जन्म १९२४चा, नागपूरचा, घराणं गोव्याकडचं. त्यांच्या उत्तरकाळातल्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, तांब्याही नाही. रंग, त्यावर रंग, मधेच पाण्याखाली काहीतरी हलल्यासारखा एखादा आकार. गोष्टीचा पत्ताच नाही. त्यांचं एक चित्र २०२१ मध्ये लिलावात जवळजवळ ४० कोटी रुपयांना गेलं. आकडा ऐकून मलाही हसू आलं होतं. मुंबईत एकदा प्रदर्शनात त्यांचं चित्र पुढ्यात आलं, तेव्हा मी पहिल्यांदा पाटीच वाचायला गेले, काय आहे म्हणून. पाटीवर नावसुद्धा नव्हतं, 'शीर्षक नाही' एवढंच. मग नाइलाजानं चित्राकडे बघत राहिले. पाच-सात मिनिटांनी असं वाटायला लागलं, की पहाटे अंगण सारवून झालंय, ओलं आहे, आणि त्यावर नुकतं उजाडतंय.

सारवणावरून आठवलं. आता हातातल्या गोधडीकडे बघा. हिरव्या चौकोनाशेजारी लाल का लावला? काठाला निळी पट्टीच का? कुणी विचारलं तर तुम्ही म्हणाल, "असं बरं दिसतं." त्यात गोष्ट कुठली? शेणानं सारवताना हाताची बोटं अर्धगोल फिरवत जी लाट उठते, तिचा अर्थ काय? दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीचा? नुसतं दिसणं म्हणजे काय ते शिकायला आपल्याला संग्रहालयात जायची गरज नव्हती. फक्त त्याला चित्र म्हणायचं आपल्या डोक्यात आलं नाही, आणि दुसऱ्या कुणी म्हटलंही नाही.

पण त्याच गोधडीत तो लाल तुकडा आईच्या लुगड्याचा आहे, हे तुम्हाला माहीत असतं. थंडीत अंगावर घेताना त्या तुकड्यावर हात जातोच. परक्या माणसाला तो लाल चौकोन दिसेल, तुम्हाला आई. तुकडा एकच.

आता बायकांनीच काढलेल्या चित्रांकडे येते. पालघर, डहाणू भागात वारली लग्नात चौक लिहितात. गेरूनं लाल केलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पांढरं, आणि टोक चेचलेली काडी. चौकात पालघाट देवी. तो सवाशिणींनी लिहायचा, धवलेरीनं गायचं, आणि चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. ते चित्र नुसतं शोभेचं नाही आणि कुणाला काही शिकवण्यासाठीही नाही. ते लग्नातलं एक काम आहे, हळद लावण्यासारखं. पुढे १९७०च्या सुमारास भास्कर कुलकर्णी नावाच्या चित्रकारानं वारल्यांच्या हाती कागद दिला आणि जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या भिंतीबाहेर आपल्या मनानं चित्रं काढायला सुरुवात केली. त्यांचं मासे धरायच्या जाळ्याचं चित्र मिळालं तर बघा. कागदभर नुसतं जाळं, हजारो बारीक रेघा. गोष्ट म्हणाल तर कोळी मासे धरतोय, एवढीच. पण डोळा त्या जाळ्यात जो अडकतो तो सुटत नाही.

याच भास्कर कुलकर्णींनी त्याच्या आधी बिहारमध्ये असंच काम केलं होतं. १९६६-६७ मध्ये तिथं मोठा दुष्काळ पडला. मिथिलेच्या बायका लग्नघराच्या भिंतींवर पिढ्यानुपिढ्या चित्रं काढत होत्या. ती कागदावर काढली तर विकता येतील आणि घरात चार पैसे येतील, म्हणून त्यांना कागद देण्यात आला. त्या बायकांत एक गंगादेवी होत्या, जन्म १९२८चा. मूल नाही म्हणून सोसलेलं, नवऱ्यानं दुसरं लग्न केलेलं. रेघ अशी बारीक, की जणू केसानं ओढावी. देवादिकांच्या कथा त्यांनी काढल्याच. पण १९८५ मध्ये चित्रांच्या निमित्तानं अमेरिकेला गेल्या, तर तिथल्या जत्रेतला आगगाडीसारखा वरखाली धावणारा पाळणाही त्याच मिथिलेच्या रेघांत काढला. आणि पुढे त्यांना कॅन्सर झाला. दिल्लीत उपचार चालू असताना त्यांनी आपल्या आजारपणाची चित्रं काढली. दवाखाना, खाटा, डॉक्टर, आपण स्वतः. देवीसाठी जी रेघ वापरायची, तीच दवाखान्याच्या खाटेसाठी. १९९१ मध्ये त्या वारल्या.

ही तर उघडउघड गोष्टच आहे, आणि मला त्या चित्रांपुढे नुसत्या दिसण्याचा आग्रह धरावासा वाटत नाही. पण एक फरक लक्षात घ्या. गंगादेवींनी आपली गोष्ट सांगितली, आपल्या हातानं. आम्ही भिंतीवर दुसरीची गोष्ट सांगायला निघालो होतो, तिला न विचारता, तिच्याच आईच्या दारासमोर. पायात बेडी काढणं सोपं आहे. बेडी कुणी कधी बघितली होती? ती आम्ही दुसऱ्या भिंतीवरून उचललेली, त्यांनी आणखी कुठल्या पोस्टरवरून. अशा चित्राला लोक एकदा बघतात, "हां, बालविवाह" म्हणतात, आणि दुसऱ्या दिवसापासून ते दिसेनासं होतं. पाणी अडवा, पाणी जिरवा आपल्या किती भिंतींवर लिहिलंय. त्याच्या शेजारी चित्र काय आहे, आठवतंय का कुणाला?

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. एवढं लांबण लावलं नाही, बायकांना घरी जायचं होतं. मी म्हटलं, सांगायचं आहे ते अक्षरांत लिहू. मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस, त्याआधी लग्न हा गुन्हा, आणि मुलांच्या मदतीचा फोन नंबर १०९८. हे कुणाच्या अंदाजावर सोडायचं नाही, ते स्वच्छ वाचता यायला हवं. पण चित्राला ते काम लावायचं नाही. चित्रात आपण आपल्या गावात खरोखर बघितलेलं काहीतरी काढू.

अध्यक्ष ताई रागावल्या. म्हणाल्या, "म्हणजे गुळमुळीत. कुणाला टोचायला नको, कुणाला लागायला नको. अशानंच लग्नं होतात." त्यांचं पूर्ण खोटं नव्हतं. मी आजही त्यांना पुरतं उत्तर देऊ शकत नाही. काही वेळा टोचावंच लागतं. मग आक्काच म्हणाल्या, "पोरी सकाळी शाळंला जाताना ओढ्याच्या चढावर सायकलची चेन पडती. रोज एकीची तरी पडती. ते काढा."

तेच ठरलं. तीन दिवस लागले. ओढ्याचा चढ, डाव्या बाजूला बाभळ, आणि मधोमध रस्त्याकडेला उकिडवी बसून सायकलची चेन चढवणारी एक मुलगी. शाळेचा ड्रेस, दप्तर पाठीवर, दोन्ही वेण्या पुढे आलेल्या. ऊन सकाळचं, म्हणून सावली लांब. आभाळ आक्कांनी सांगितलं तसं, फक्त सांजेऐवजी सकाळचं. खाली उजव्या कोपऱ्यात वय आणि नंबर, काळ्या अक्षरांत. जाणारेयेणारे थांबायचे. एक आजोबा रोज विचारायचे, "ही कुणाची म्हणायची?" कुणी म्हणे पाटलांची, कुणी म्हणे मागच्या आळीची. आम्ही कुणाचीच काढली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ब्रश धूत होतो. समोरचं दार उघडलं. त्या मुलीची आई बाहेर आली. इतके दिवस ती आमच्याकडे बघतही नव्हती. आम्ही सगळ्या गप्प. ती रस्ता ओलांडून भिंतीजवळ आली, बराच वेळ बघत राहिली. मग चित्रातल्या मुलीच्या हाताकडे बोट दाखवून म्हणाली, "दोन्ही हात चेनला कसे? अशी नाही चढत. एका हातानं चेन दातावर धरायची, दुसऱ्या हातानं पायडल मागं फिरवायचं. आमची तशी चढवायची."

तिचं बरोबर होतं. मी वस्तुचित्र शिकवणारी बाई, आणि एवढं बघायचं राहिलं होतं. आम्ही एका हातावर पांढरा रंग दिला, वाळू दिला, आणि संध्याकाळपर्यंत तो हात पायडलवर काढला. ती तिथंच पायरीवर बसून होती.